द्राक्षाचा मांडव, सुलसदत्ताचे लेणे आणि आत्याची सही

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेपाच वाजता आम्ही कल्याण पूर्वेतून निघालो. भाच्याची सात आसनांची गाडी आहे. एरवी तो ती भाड्याने चालवतो. त्या दिवशी त्याने भाडे घेतले नाही, डिझेलचे पैसे तेवढे आम्ही दिले. गाडीत आम्ही दोघे नवराबायको, नववीतली मुलगी, धाकटा मुलगा, आई आणि आत्या. बरोबर पाण्याचे दोन कॅन, आईने रात्रीच करून ठेवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

शेजारी विचारत होते, कुठे निघालात? आम्ही सांगितले, माळशेज घाटातून जुन्नरला. द्राक्षांचे मळे पाहू, लेण्याद्रीला जाऊ, गावी जेवू आणि रात्रीच्या आत परत येऊ. हे सारे खरे होते. पण आणखी एक काम होते आणि ते आम्ही कोणाला सांगितले नव्हते. आमच्या आजोबांची दोन एकर सतरा गुंठे जमीन ओतूरकडच्या एका गावात आहे. ती आमचा चुलतभाऊ कसतो. त्या जमिनीला गिऱ्हाईक आले होते. सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत, त्यांतले एक आत्याचे. दादाने फोनवर सांगितले होते, "एकदा सगळे येऊन बसा. काय ते ठरवून टाकू."

घाटाची वाट

कल्याणहून शहाड, मुरबाड, सरळगाव, टोकावडे असा हा रस्ता जातो. टोकावड्याला चहा घेतला तेव्हा नुकते फटफटत होते. पुढे वैशाखरे गाव लागते. तिथूनच नाणेघाटाची पायवाट चढते. मुलीने शाळेच्या पुस्तकात नाणेघाट वाचला होता. तिने धाकट्याला सांगितले की, दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांतून घाटावर जाणारा माल याच वाटेने जात असे, वर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या वेळचा शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही आहे. धाकट्याने विचारले, "मग आपण त्या वाटेने का नाही जात?" आत्या म्हणाली, "तू उचलून नेशील का मला?"

माळशेज घाट पावसाळ्यात धबधब्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा गर्दी होते, दरडीही कोसळतात. फेब्रुवारीत डोंगर उघडे आणि तांबूस दिसतात. पण याच दिवसांत पळस आणि काटेसावर फुललेली असते. काळ्या कड्याखाली लालभडक झाड एकटेच उभे असले की नजर हटत नाही. आम्ही एका ठिकाणी गाडी बाजूला घेऊन दशम्या सोडल्या. माकडे लगेच आली. आईने पिशवी पदराखाली धरली.

घाट चढून गेले की देशावरची हवा लागते. खुबी फाट्यावरून हरिश्चंद्रगडाचा प्रचंड डोंगर दिसतो आणि बाजूला पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी पसरलेले असते. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत: येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे. जुन्नर तालुक्यात आज द्राक्ष, टोमॅटो, कांदा, ऊस, झेंडू दिसतो तो या पाण्यामुळे. आत्याने काचेतून बराच वेळ धरणाकडे पाहिले. मग म्हणाली, "आमच्या टायमाला हे पाणी असतं, तर आम्ही कशाला खडी फोडायला गेलो असतो?"

आत्याचे लग्न १९७२ च्या दुष्काळाच्या आधी नुकतेच झाले होते. त्या वर्षी ती नवऱ्याबरोबर दुष्काळी कामावर गेली. रस्त्यासाठी खडी फोडायची आणि मिळेल ती सुकडी खायची. पुढच्याच वर्षी ती दोघे कल्याणला आली आणि पुन्हा गावी राहायला गेली नाहीत. तिचे शेत एवढेच की, लहानपणी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाणे.

मांडवाखाली

बनकर फाट्यावरून गणेशखिंडीच्या रस्त्याने जुन्नरकडे वळलो. दोन्ही बाजूंना हिरव्या-काळ्या मळ्यांची रांग लागली. भाच्याच्या ओळखीने एका द्राक्षबागेत जायचे ठरले होते. बागाईतदार तरुण होते. त्यांनी कोणाचे नाव-गाव न विचारता "या, या" केले.

ज्यांनी द्राक्षबाग जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तारांच्या मांडवावर वेल चढवलेले असतात. पाने वर आणि घड खाली लोंबत असतात, त्यामुळे वाकूनच चालावे लागते. वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, तिच्यात पुढच्या वर्षीच्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी. तिच्यानंतर साधारण चार महिन्यांनी घड तोडणीला येतात. मधल्या काळात विश्रांती म्हणून नाही. घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, त्याला विरळणी म्हणतात. मणी फुगावेत म्हणून संजीवकाच्या द्रावणात एकेक घड बुडवायचा. भुरी आणि डाऊनी हे रोग येऊ नयेत म्हणून फवारण्या करायच्या. शेवटी गोडी मोजायची. एका लहान यंत्राच्या काचेवर रसाचा थेंब टाकला की साखरेचा आकडा दिसतो. बागाईतदारांनी ते यंत्र मुलांच्या हातात दिले. धाकट्याने दहा-बारा मणी मोजले आणि मोजून झालेला प्रत्येक मणी खाल्ला.

या भागात 'जम्बो' नावाचे मोठे काळे द्राक्ष होते आणि ते परदेशीही जाते. हिरव्यात थॉमसन, सोनाका अशा जाती आहेत. आम्ही दोन्ही चाखले. बाजारात मिळते त्याहून चव निराळी लागली, कारण घड वेलावर पिकलेला होता. द्राक्ष तोडल्यावर पुढे गोड होत नाही. म्हणून आंबट द्राक्ष घरी आणून पिकेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

एवढ्यात आमच्या लक्षात आले की आत्या आत आलीच नाही. ती बांधावर चपला काढून उभी होती. आम्ही हाक मारली तर म्हणाली, "तुम्ही पाहून या. मी हितंच बरी."

तिचे पाय दुखत असतील असे आम्हांला वाटले. पण ते नव्हते. आईने हळू आवाजात सांगितले. आत्या दहा-बारा वर्षांची असताना एका गावी बागेत कामाला गेली होती. तहान लागली म्हणून ती पाटाच्या पाण्याला शिवली. मालकाने तिला बागेबाहेर काढले आणि त्या दिवसाची मजुरी दिली नाही. तेव्हापासून कोणाच्याही मळ्यात ती बोलावल्याशिवाय पाय ठेवत नाही, आणि बोलावले तरी बांधाशीच थांबते. एवढ्या वर्षांत आम्हांला हे ठाऊक नव्हते.

मुलगी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. तिने काही समजावले नाही. हातातला घड पुढे केला आणि म्हणाली, "आज्जी, आपण पैसे देऊन घेणार आहोत. कुठला तोडायचा ते तू दाखव." आत्याने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले. मग चपला घातल्या आणि वाकून मांडवाखाली आली.

आत आल्यावर मात्र ती आमच्याबरोबर थांबली नाही. तोडणीला आलेल्या बायका पलीकडे बसल्या होत्या, तिकडे गेली. त्या जुन्नरच्या पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांतल्या होत्या. पहाटे गाडीने येतात, दिवसभर घड तोडून, साफ करून क्रेटमध्ये भरतात आणि संध्याकाळी परत जातात. नारायणगावात तर सकाळी मजुरांचा बाजारच भरतो. ज्याला माणसे हवीत तो तिथे येऊन मजुरी ठरवतो आणि माणसे घेऊन जातो. आत्याने त्यांना पहिला प्रश्न विचारला तो मजुरीचा. दुसरा, पुरुषाला किती आणि बाईला किती. तिसरा, पिण्याचे पाणी कुठे ठेवलेय. बाईने मांडवाच्या खांबाला टेकून ठेवलेला जार दाखवला, "त्यातलंच मालक पितात, त्यातलंच आम्ही." आत्याने उठून त्या जारमधले फुलपात्रभर पाणी घेतले आणि प्यायली. तहान लागली होती की नाही, ते तिलाच ठाऊक.

आम्ही पाच किलो काळी आणि तीन किलो हिरवी द्राक्षे घेतली. बागाईतदार म्हणाले, "या दिवसांत आभाळ आलं की झोप उडते. गारपीट झाली तर वर्षाची मेहनत अर्ध्या तासात जाते." त्यांनाही कर्ज होते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळले.

कल्याणचा दाता

लेण्याद्री जुन्नरपासून जवळच आहे. पायथ्याशी तिकीट काढावे लागते. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. चढता न येणाऱ्यांसाठी डोली मिळते. आम्ही आत्यासाठी डोली विचारली. ती म्हणाली, "माणसाच्या खांद्यावर बसायची न्हाय मी." मग पंधरा पायऱ्या चढायच्या, बसायचे, पुन्हा पंधरा, असे करत ती वर आली. आईच्या आधी आली, हे सांगायला हवे.

बहुतेक लोक इथे अष्टविनायकांतला गिरिजात्मज गणपती पाहायला येतात. तो सातव्या लेण्यात आहे. हे लेणे मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. मधे खांब नसलेले मोठे दालन आणि तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, वर कमानी छत आणि टोकाला दगडात कोरलेला स्तूप. तिथे गर्दी नव्हती. आम्ही सगळे स्तूपासमोर बसलो, त्रिसरण-पंचशील म्हटले. दगडात आवाज घुमतो. बाहेरून जाणारी दोन-तीन कुटुंबे आत डोकावली आणि शांतपणे उभी राहिली.

या चैत्यगृहावर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो सांगतो की, हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दान दिले. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. मुलीने ते ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे तोसुद्धा कल्याणहूनच आला होता?" होय, कल्याणहूनच. सकाळी आम्ही ज्या नाणेघाटाच्या पायथ्यावरून आलो, त्याच वाटेने तो आला असावा. त्या काळी कल्याण मोठे व्यापारी गाव होते आणि कान्हेरीच्या लेण्यांतही कल्याणच्या दात्यांची नावे आहेत.

जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा असे त्यांचे गट आहेत. ती एकट्या राजांनी कोरवून घेतली नाहीत. दान देणारे बरेचसे व्यापारी, कारागीर आणि त्यांचे संघ होते. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली, असा एक लेख आहे. बांबूचे काम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख दुसऱ्या लेखात येतो. आणखी एका लेखात वडालिका नावाच्या गावातली वीस निवर्तने जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी दिल्याचे म्हटले आहे. निवर्तन हे त्या वेळचे जमीन मोजायचे माप. आणि शिवनेरीच्या लेण्यांतल्या एका लेखात चित नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने, संघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे.

भोजनमंडपाची गोष्ट आत्याला फार आवडली. "परदेशातला माणूस, आणि त्याने जेवायची जागा बांधून दिली," एवढे ती दोनदा म्हणाली.

मासवडीचे जेवण

दुपारी दीड वाजता आम्ही गावी पोहोचलो. गावाचे नाव इथे देत नाही, कारण पुढची हकीकत घरची आहे. दादा रस्त्यावर येऊन उभा होता. वहिनीने आत्याच्या पायावर पाणी घातले, "आत्याबाई, किती वर्षांनी आलात!" आत्या म्हणाली, "पायऱ्या चढून आलेय गं. आधी बसू दे."

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या पट्ट्यात पाहुणा आला की मासवडी करतात. नाव मासवडी असले तरी मासा तिच्यात नसतो. वडीचा आकार तेवढा माशासारखा. वहिनी करत होती आणि आमच्या घरातल्या मंडळींनी ती शिकून घेतली. वाचक भगिनींसाठी थोडक्यात देतो.

आधी सारण. तीळ, सुके खोबरे आणि खसखस वेगवेगळी भाजायची. कांदा चिरून परतायचा. त्यात भरपूर लसूण, कोथिंबीर, तिखट, घरचा मसाला आणि मीठ घालून जाडसर वाटायचे. सारण कोरडे हवे. मग पातेल्यात फोडणी करून पाणी उकळायचे, हळद-मीठ टाकायचे आणि एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने हटवत राहायचे. गुठळी राहता कामा नये. झाकण ठेवून दणकून वाफ आणायची. पीठ इतके घट्ट हवे की चमच्याला चिकटून राहील. ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापायचे. हात पाण्यात बुडवत थापले तर पोळत नाही. त्यावर सारण पसरायचे, फडक्यासकट दोन्ही बाजू दुमडून दाबायच्या, म्हणजे लांबट तिकोनी गुंडाळी होते. निवल्यावर बोटभर जाडीच्या वड्या कापायच्या. रस्सा वेगळा करायचा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा, झणझणीत आणि तर्रीदार. वड्या रस्स्यात शिजवायच्या नाहीत, नाहीतर त्या फुटतात. ताटात वाढताना वर रस्सा घालायचा. सोबत बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू आणि शेवटी इंद्रायणीचा भात.

आमचा धाकटा भाजी पाहिली की तोंड फिरवतो. त्याने पाच वड्या खाल्ल्या आणि नंतर सबंध दुपार पाणी पीत बसला.

जेवणानंतर दादाने रान दाखवले. अर्ध्या रानात कांदा, एका कडेला मेथी आणि कोथिंबीर, थोडा झेंडू. टोमॅटोची लागवड पुढे करायची होती. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजाराचे नाव सगळीकडे आहे. दादा म्हणाला, "२०२३ साली जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. ज्यांच्याकडे माल होता त्यांचं घर झालं. त्याच साली मे महिन्यात आम्ही टोमॅटो रानातच सोडले होते, तोडणीचाही खर्च निघत नव्हता." विहीर त्याने दाखवली. पाणी तळाला होते. मार्चनंतर ती आटते, आणि धरणाचा कालवा आमच्या रानापर्यंत येत नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली की काळोखात पाणी द्यायला जावे लागते आणि उसात बिबट्या असतो. जुन्नर तालुक्यात बिबट्याची भीती ही रोजची गोष्ट आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. वहिनी म्हणाली, "हे रानात गेले की मी दारात बसून राहते."

सातबारा

मग ओट्यावर सगळे बसले. दादाने सातबारा पुढे ठेवला. गिऱ्हाईक मुंबईचे होते. त्याला घाटाजवळ बंगला बांधायला जागा हवी होती. रक्कम आमच्यासारख्यांना मोठी वाटावी अशी होती. अकरा नावांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येते, हेही दादाने कागदावर मांडले होते. त्याचा मुलगा पदवीधर आहे, त्याला गाडी घेऊन धंदा करायचा आहे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. "शेतीत काही राहिलं नाही, काका. तुम्ही वर्षातून एकदा येऊन कौतुक करता."

हे बोलणे लागले, पण ते खरे होते.

ही जमीन महार वतनाची. गावकीची कामे करायची, सांगितल्या निरोपाला धावायचे आणि त्या बदल्यात तुकडा कसायचा, असा तो बांधून ठेवणारा व्यवहार होता. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले होते. पुढे १९५८ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून ही कनिष्ठ वतने खालसा झाली. ठरलेली रक्कम भरून जमिनी कसणाऱ्या वतनदारांच्या नावे परत झाल्या. आमच्या आजोबांनी ती रक्कम आजीच्या पाटल्या मोडून भरली, असे आई सांगते. ज्यांना भरता आली नाही त्यांच्या जमिनी दुसऱ्यांच्या ताब्यात राहिल्या. ज्यांना मुळात काहीच नव्हते त्यांच्यासाठी १९५९ आणि १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले आणि हजारो माणसे तुरुंगात गेली.

आमच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा आहे. अशी वतनी जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. गिऱ्हाईक म्हणत होते, "ते आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त सह्या द्या." भाच्याने विचारले, "परवानगी नसताना सह्या कशावर द्यायच्या?" दादाकडे उत्तर नव्हते.

आत्या तोवर गप्प होती. तिने सातबारा मागितला. तिला फार वाचता येत नाही. कल्याणला साक्षरता वर्गात ती नाव लिहायला शिकली, तेव्हा पन्नाशी उलटली होती. तिने बोटाने ओळी चाळल्या आणि विचारले, "यात माझं नाव कुठंय?" मुलीने दाखवले. आत्याने त्यावर बोट ठेवले.

"माझ्या लग्नात बापानं मला एक लुगडं आन् दोन भांडी दिली. भावांनी कधी काही मागितलं न्हाय, मी कधी दिलं न्हाय. हे नाव हितं कसं आलं?"

आम्ही सांगितले की, वारसा कायदा १९५६ चा आहे, तो बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने तर मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. मुलींच्या हक्काचे हे कलम बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात होते. ते बिल अडवले गेले, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले त्याचे ते एक मोठे कारण होते. आपल्याकडे बहिणी भावासाठी हक्कसोडपत्र करून देतात आणि तेच चांगुलपण समजले जाते. म्हणून बऱ्याच बायकांना आपले नाव कागदावर आहे हेही माहीत नसते.

आत्या म्हणाली, "मग माझी सही लागंल."

"लागेल, आत्या," दादा म्हणाला.

"मी देत न्हाय." थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "मला पैका नको, वाटणी नको. तू कस, तूच खा. पण आज सकाळी मी दुसऱ्याच्या मळ्यात बांधावर उभी होते. हितं मला कोणी उभं करत न्हाय. हे मी विकायची न्हाय."

बराच वेळ कोणी बोलले नाही. दादाचा मुलगा उठून विहिरीकडे गेला. आमची मुलगी त्याच्या मागे गेली.

नुसते 'विकू नका' म्हणून परत येणे सोपे होते. पण आत्याच्या सहीने विहिरीला पाणी येत नाही, आणि रात्री रानात जाणारा दादाच. म्हणून संध्याकाळी निघण्यापूर्वी एवढे ठरले. कल्याणची तीन घरे मिळून या उन्हाळ्यात विहीर खोल करायला पैसे देतील. दादा विहिरीच्या दुरुस्तीसाठी आणि ठिबकसाठी सरकारी योजनेत अर्ज करील. मुलाच्या गाडीसाठी आम्ही बँकेत त्याच्याबरोबर जाऊ. एका वर्षाने पुन्हा इथेच बसायचे. त्याने मान हलवली, पण तो खूश नव्हता. त्याचे आयुष्य त्याला जगायचे आहे, हे आम्हांलाही दिसत होते.

अंधार पडायच्या आत घाट उतरायचा म्हणून आम्ही पाच वाजता निघालो. वहिनीने मेथीच्या दोन जुड्या, कांद्याची गोणी आणि मासवडीचा डबा दिला. आत्याने पदराच्या गाठीत रानातली मूठभर माती घेतली होती, ते घरी आल्यावर कळले. दुसऱ्या दिवशी तिने ती गॅलरीतल्या तुटक्या बादलीत घातली आणि वर मेथी पेरली.

जाणाऱ्यांसाठी

कल्याणहून जुन्नर साधारण सव्वाशे किलोमीटर आहे. पहाटे निघाल्यास एका दिवसात जाऊन येता येते. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते मार्च. मळ्यात जाण्यापूर्वी मालकाला फोन करावा, घड विचारून तोडावा आणि फवारणी झाली असेल तर द्राक्षे धुऊनच खावीत. पावसाळ्यात माळशेज घाटात दरडींची चौकशी केल्याशिवाय जाऊ नये. लेण्याद्रीला सकाळी लवकर चढावे, माकडांपासून पिशव्या सांभाळाव्यात आणि सहावे लेणे चुकवू नये. सायंकाळनंतर शेतरस्त्याने पायी फिरू नये.

ज्यांची गावी जमीन आहे त्यांनी सातबारा आणि आठ-अ एकदा काढून पाहावा. त्यावर घरातल्या बहिणींची, आत्यांची नावे आहेत का ते तपासावे आणि त्यांना ते वाचून दाखवावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. तिच्यात नवी विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंप, वीजजोडणी, ठिबक यांसाठी अनुदान मिळते. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. तिच्यात चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. तिची माहिती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात मिळते.

बादलीतली मेथी उगवली आहे. पुढच्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत.